उजव्या बाजूचा आरसा

१

चष्मेवाल्याचं दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असे, आणि तो दिवस तो विमानाच्या पोटाखाली आडवा पडून काढत असे. दुकानाच्या पाटीवर त्याचं नाव ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं. पण ज्यांना ते वाचता येई ते आत येत नसत आणि जे आत येत त्यांना ते दिसत नसे, असं तो स्वतःच सांगायचा. सगळा रस्ता त्याला नुसतं चष्मेवाला म्हणे.

विमान म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे काही भव्य उभं राहतं त्यांनी जरा दमानं घ्यावं. दोन माणसं खांद्याला खांदा लावून कशीबशी बसतील एवढी फायबरची होडी, तिच्या डोक्यावर पंख, पंखांच्या वर इंजिन आणि पोटाच्या दोन बाजूंना दोन चाकं, एवढाच तो संसार. त्याचा थोरला भाऊ पाण्याच्या टाक्या बनवायचा. टाक्यांच्याच कारखान्यामागच्या शेडमध्ये दोघांनी नऊ वर्षं खपून ते उभं केलं होतं, म्हणून लोक त्याला उडती टाकी म्हणत. दादा त्यावर मनापासून हसायचा. उडती आहे हे तरी कबूल करतात, म्हणायचा.

टाकी जमिनीवरही उतरे आणि पाण्यावरही. जमिनीवर चाकं खाली हवीत, पाण्यावर वर हवीत. चाकं खाली ठेवून पाण्यावर टेकलं तर ती पाण्यात अडकतात, नाक खाली जातं आणि पापणी लवायच्या आत विमान पालथं होतं. म्हणून उजव्या पंखाखालच्या दांड्यावर बशीएवढा फुगीर आरसा बसवला होता. तो चष्मेवाल्याने स्वतः बसवला होता. दोन्ही चाकं एकाच दांडीने हलत, त्यामुळे एक आरसा पुरे होता. चालवणाऱ्याने उतरायच्या आधी मोठ्याने विचारायचं आणि उजवीकडे बसलेल्याने आरशात बघून उत्तर द्यायचं. बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा दादाचा नियम.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तलावावर उतरताना दादाने विचारलं, “पाण्यावर उतरतोय. चाकं?” आणि चष्मेवाला म्हणाला, “वर.” त्याने आरशात बघितलं नव्हतं. चाकं खाली होती. चष्मेवाला पालथ्या विमानातून बाहेर पडला. दोनदा श्वास भरून परत खाली गेला, पण दादाच्या पट्ट्याची कडी त्याच्या हाताला लागली नाही.

चौकशीला आलेल्यांनी लिहिलं की चालक चाकं वर घ्यायला विसरला. ते खोटं नव्हतं. चष्मेवाल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, उतरायच्या आधीचं काही आठवत नाही. हे मात्र खोटं होतं, आणि एकदा बोलून बसल्यावर ते मागे घ्यायचा दिवस रोज उद्यावर गेला.

२

चष्मेवाला एकटा. संध्याकाळचं जेवण वहिनीकडे. दादा गेल्यावर तिने कारखाना हातात घेतला आणि दादापेक्षा बरा चालवला. बाई बोलायला फटकळ होती, आणि नवरा गेल्यावर तिचा फटकळपणा आणखी वाढला, कारण ऐकून घेणारा आता भिंतीवर होता.

“विसरभोळा माणूस,” ती वाढता वाढता फोटोकडे बघून म्हणे. नळ उघडा टाकून गावाला जायचं, स्वतःच्या लग्नात एकाच पायात मोजा घालून उभं राहायचं, छत्र्या तर किती हरवल्या त्याची गणतीच नाही. सगळं उगाळून झालं की आवाज खाली यायचा. “शेवटी चाकंही विसरले. चाकं विसरले म्हणजे मलाच विसरले की.” मग ती चष्मेवाल्याला आणखी वाढायची आणि तो मान खाली घालून ते संपवायचा.

त्याच्या धंद्यात एक लबाडी नेहमीची असते. जुनी गिऱ्हाइकं अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात. डोळ्यांनी काही दिसत नसतं, पण शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवतात, आणि तसं करताना आपण फसवतोय हे त्यांना स्वतःलाही कळत नाही. अशा शेकडो लोकांना त्याने हसत हसत पकडलं होतं. आता तक्त्यासमोर कुणी घडाघडा बोलायला लागलं की तो तक्ताच पालटून ठेवायचा.

पाण्यातून काढलेली टाकी शेडमध्ये तशीच पडून होती. एक दिवस वहिनी म्हणाली की नाक फुटलेलं ते धूड मला रोज येता-जाता बघवत नाही. एक तर विका, नाहीतर उडवा. चष्मेवाल्याने उडवायचं कबूल केलं. हाताला काम असलं म्हणजे डोक्याला जरा उसंत मिळेल, एवढाच त्याचा हिशोब होता. तिच्याच कामगारांनी नवं नाक थर चढवून घडवलं. चाकं नवी आणली, करड्या रंगाची. समोरच्या फळीवर त्याने दोन दिवे बसवले: चाकं खाली असली की हिरवा, वर असली की निळा.

आरसा तेवढा जुनाच राहिला. सगळ्या विमानाची दशा झाली होती आणि त्यावर साधा ओरखडा नव्हता. चष्मेवाल्याने तो धुतला, काचा पुसायच्या कापडाने पुसला आणि होता तिथे लावला.

३

उडवायच्या आधी त्याने टाकी लाकडी घोड्यांवर, चाकं अधांतरी राहतील अशी चढवून वीस वेळा चाकं वरखाली केली. दर वेळी उजव्या जागेवर बसून आरशात बघितलं. चाक खाली असलं की चाक दिसे, वर असलं की पांढरं रिकामं पोट. वीसच्या वीस वेळा वहीत बरोबरची खूण केली.

पहिलं उड्डाण एकट्याने केलं. धावपट्टीच्या मैदानावर एक म्हातारा मेकॅनिक होता. आल्यागेल्याला चार गोष्टी शिकवल्याशिवाय सोडत नसे, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याने पुढचा-मागचा प्रत्येक नट हाताने चाचपला आणि जा म्हणाला. टाकी छान हवेत उठली. चष्मेवाल्याने दांडी ओढली, खालून खडखड आणि मग ओळखीचा धप्प आवाज आला, निळा दिवा लागला. जुन्या सवयीने तो उजवीकडे वाकला आणि आरशात बघितलं.

चाक खाली लोंबत होतं.

तो घाबरला नाही, आधी चिडला. दिव्याची तार चुकली असेल. त्याने दांडी खाली केली, पुन्हा वर ओढली. खडखड, धप्प, निळा दिवा. आरशात चाक होतं तिथेच, जरासुद्धा हललं नव्हतं. मग त्याने मैदानावरून अगदी कमी उंचीवर एक फेरी मारली आणि रेडिओवर मास्तरांना विचारलं की चाकं कुठे आहेत.

“पोटात आहेत,” मास्तर म्हणाले. “व्यवस्थित बसलीयत. का हो?”

काही नाही, सहज, असं तो म्हणाला. हिरवा दिवा लावून नीट उतरला. घरी जाताना त्याने मनाची समजूत घातली. फुगीर आरसा, त्यात हादरा, त्यात ऊन. डोळा आपल्याला हवं ते बघतो, हे गिऱ्हाइकांना रोज सांगणारा माणूस तो. पण आरसा फुगीर असो की सपाट, समोर नसलेली वस्तू दाखवत नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

४

पुढच्या आठवड्यात त्याने घाई केली नाही. बरीच उंची घेतली, विमान सरळ केलं आणि आरशाकडे नीट बघितलं.

चाकाची मधली ताटली लाल होती. नवी चाकं करडी होती. लाल चाकं दादाची. कारखान्याच्या फाटकाचा उरलेला रंग फुकट जाऊ नये म्हणून त्याने ती रंगवली होती, आणि एका ठिकाणी रंगाचा ओघळ तसाच वाळला होता. तो ओघळ आरशात दिसत होता. चष्मेवाल्याने चष्मा नाकावर घट्ट दाबला आणि आणखी वाकला. दुपारची वेळ होती, पण आरशातलं पोट एका बाजूने तिरप्या कोवळ्या उन्हाने उजळलं होतं. टाकीखाली नांगरलेली शेतं होती. आरशाच्या खालच्या कडेला पाणी होतं.

उतरल्यावर त्याने चाकं हाताने चाचपली. करडी होती, कोरडी होती. मैदानावरच्या शेडमध्ये घोड्यांवर चढवून पुन्हा आरशात बघितलं तर त्यातही करडीच. याबद्दल तो कुणाशी बोलला नाही. बोलला असता तर पहिला प्रश्न आला असता की आरशात दिसणारी ती वेळ कुठली, आणि ती त्याला चांगली माहीत होती.

त्यानंतर तो चार-पाच वेळा वर गेला. दर वेळी चाकं वर घेतली की आरशात लाल चाक खाली लोंबे. एक गोष्ट मात्र बदलत होती. पाणी जवळ येत होतं. आधी ते नुसतं चकाकणारं काहीतरी होतं, मग लाटा दिसल्या, आणि शेवटच्या खेपेला लाटांवर तरंगणाऱ्या काटक्या मोजता आल्या असत्या.

मग त्याने नवा आरसा आणला. तेवढाच, तसाच. तो लावून उडाला. चाकं वर, निळा दिवा, आरशात स्वच्छ पांढरं पोट. जीव भांड्यात पडायला हवा होता. त्याऐवजी अर्ध्या फेरीतूनच त्याने टाकी परत वळवली. कुणीतरी दाराशी येऊन हाका मारतंय आणि आपण आतून कडी लावलीय असं त्याला वाटत राहिलं. उतरल्यावर त्याने जुना आरसा परत लावला. नव्यातलं चित्र हलतं, असं मास्तरांना कारण सांगितलं.

५

परवा तीन वर्षं होतील, असं वहिनी एका संध्याकाळी जेवताना म्हणाली. मग म्हणाली, “मला तिथे न्या. नुसतं वरून दाखवू नका. पाण्यावर उतरा.”

चष्मेवाल्याने सुचतील तेवढ्या सबबी सांगितल्या. वारा, शेवाळ, नव्या नाकाला अजून पाणी लागलेलं नाही. नाक आमच्या कारखान्यात झालंय, त्याला पाणी लागायची भीती मला सांगू नका, असं म्हणून तिने त्या सगळ्या मोडीत काढल्या.

“मी उजवीकडे बसेन,” ती म्हणाली. “ह्यांनी शिकवलंय मला. तुम्ही विचारलंत की आरशात बघायचं आणि मग सांगायचं. त्या दिवशी त्यांनी एवढं विचारलं जरी असतं ना, तरी आज असते.”

आता सांगावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. दादाने विचारलं होतं, वहिनी. तीन शब्द होते. तो पाण्याचा पेला उचलून प्यायला. तिने ताट उचललं, स्वयंपाकघरात नळ सुरू झाला आणि ती वेळ गेली. या घरात त्याची एक खुर्ची होती, एक पेला होता. त्या तीन शब्दांनंतर दोन्ही राहणार नव्हते, आणि याव्यतिरिक्त त्याला जगात जायला जागा नव्हती.

तीन वर्षं पुरी झाली त्या सकाळी आरसा बदलायला तो तासभर आधी मैदानावर गेला. नवा आरसा कापडात गुंडाळून पिशवीत होता. त्याने स्क्रू-ड्रायव्हर काढला, जुन्या आरशासमोर उभा राहिला, आणि वहिनीची गाडी फाटकातून आत येईपर्यंत तसाच उभा होता. वेळ मिळाला नाही, असं तो मनाशी म्हणाला. वेळ भरपूर होता.

६

वहिनी विमानात बसली. पट्टा तिने स्वतःच लावला, दोनदा ओढून बघितला. उडाल्यावर दांडी ओढली, खडखड आणि धप्प झालं, निळा दिवा लागला. चष्मेवाल्याने त्यावर बोट ठेवून तिला दाखवलं. चाकं वर, असं म्हणाला.

सात मिनिटांत तलाव आला. वारा नव्हता. ऊन तिरपं होतं, कोवळं होतं. त्याने इंजिन कमी केलं आणि टाकी पाण्याकडे उतरू लागली. विचारायचं नव्हतंच त्याला. दिवा आहे, पुरे आहे, असं ठरवून आला होता. पण तोंडाने ठरवलेलं ऐकलं नाही.

“पाण्यावर उतरतोय. चाकं?”

वहिनीने मान वळवून आरशात बघितलं.

“खाली आहेत,” ती म्हणाली.

दिवा निळा आहे, आरसा जुना आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, असं तो भराभर बोलला.

“चाक लाल आहे, भाऊजी.” तिचा आवाज अगदी साधा होता, कारखान्यात माल मोजून घेताना असतो तसा. “वर खिडकी दिसतेय. आपली. त्यात दोघं आहेत.”

“आपणच आहोत, वहिनी.”

“मी नाहीये.” तिने कपाळ काचेला टेकवलं. “माझ्या जागेवर तुम्ही आहात. मान खाली आहे. सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसताय.”

चष्मेवाल्याचे दोन्ही हात दांड्यांवर होते आणि चष्मा नाकावर होता. त्या सकाळी दमट हवेने काचांवर वाफ धरली होती, म्हणून त्याने चष्मा काढला होता. हे त्याने चौकशीवाल्यांना सांगितलं नव्हतं, मास्तरांना नाही, कुणालाच नाही.

पाणी वर वर येत होतं. काटक्या दिसू लागल्या होत्या.

“आणि दादा?” त्याने विचारलं.

“हे तुमच्याकडे बघतायत,” वहिनी म्हणाली, आणि इथे पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. “विचारून झालंय त्यांचं. वाट बघतायत.”

तो वाकला. तिच्या खांद्यावरून आरशाचा अर्धाच भाग दिसला. लाल चाक, खिडकीची कड, आणि खिडकीत अंगठ्याएवढा एक चेहरा वळलेला. त्यावर भीती नव्हती, घाई नव्हती. आपला धाकटा भाऊ बघून सांगेल, एवढं आणि एवढंच त्या चेहऱ्यावर होतं.

“दादा, खाली आहेत,” चष्मेवाला मोठ्याने म्हणाला. “चाकं खाली आहेत. उतरू नकोस.”

आणि त्याने इंजिन पूर्ण वाढवलं. टाकी पाण्याच्या अंगावरून गेली, तिची सावली लाटांवर एकदा थरथरली, आणि ती वर चढू लागली.

७

“गेले,” वहिनी काही वेळाने म्हणाली. “आता नुसतं पोट दिसतंय.” त्यानंतर मैदान येईपर्यंत ती आरशाकडेच बघत बसली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. उतरताना त्याने विचारलं, कारण विचारायचंच असतं. तिने नीट बघून उत्तर दिलं, “खाली. करडी.” टाकी टेकली, धावली, शेडपाशी येऊन थांबली. त्याने इंजिन बंद केलं. तापलेलं इंजिन डोक्यावर टिकटिकत राहिलं.

“त्यांनी विचारलं होतं,” ती म्हणाली.

“विचारलं होतं.”

“आणि तुम्ही बघितलं नाहीत.”

“नाही.”

तिने हात मांडीवर ठेवले. मास्तर लांबून येताना दिसले, तर तिने काचेतूनच त्यांना हाताने थांबवलं.

“तीन वर्षं मी त्यांना शिव्या दिल्या,” ती म्हणाली. “रोज. फोटोसमोर उभं राहून. मला विसरले म्हणून दिल्या. आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात, भाऊजी.”

तिने पट्ट्याच्या कडीला हात घातला. कडी सुटेना. मदत करायला त्याने हात पुढे केला तेव्हा तिने तो शांतपणे बाजूला सारला. दोनदा, तीनदा प्रयत्न केला आणि शेवटी सोडवली. सुटलेली कडी ती बराच वेळ हातात धरून बसली.

“त्यांना सोडवायला तुम्ही परत खाली गेला होतात,” ती म्हणाली. “दोनदा गेला होतात म्हणालात. तेही…”

“गेलो होतो, वहिनी. शपथ. दोनदा गेलो होतो.”

हे खरं होतं. त्या सकाळचं जे काही त्याच्याकडे खरं होतं ते एवढंच होतं, आणि तीन वर्षं ते धरूनच त्याने दिवस काढले होते. वहिनीने त्याच्या तोंडाकडे टक लावून बघितलं. त्यात तिला काही वाचता आलं नाही. मग ती खाली उतरली, पंखाखालून वाकून पलीकडे गेली, आरशासमोर गुडघे टेकून बसली आणि काच पदराने पुसून आत बघू लागली. चष्मेवाला पट्टा न सोडता जागेवर बसून राहिला, ती काय सांगते याची वाट बघत.